टिलव्याच्या कोणत्या पायात

आमचं नेरला फोटोचं दुकान आहे. लग्न, साक्षगंध, बारसं, शाळेचा निरोपसमारंभ, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. फोटो नवरा काढतो आणि अल्बम मी करते. लिहिताना त्याला ‘तो’ म्हणते आहे, घरात ‘तुम्ही’च म्हणते, कागदावर एवढी मोकळीक घ्यायला हरकत नाही. गावात लोक म्हणतात, यांचे फोटो चांगले असतात. अल्बम चांगले असतात असं कोणी म्हणत नाही, आणि ते मला इतकी वर्षं खटकत आलं आहे.

कारण खरं काम डोळ्यांचं असतं. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो माझ्यासमोर येतात. त्यातली नवऱ्या मुलाची आत्या कोणती आणि मावशी कोणती, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोणाचे डोळे मिटलेत, हे मला कोणी सांगावं लागत नाही. एकदा चेहरा पाहिला की तो माझ्याकडून सुटत नाही. हा माझा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

पाखरांचा नाद आमच्या घरात माझ्यामुळं शिरला, हेही सांगून टाकते. चार-पाच हिवाळ्यांपूर्वी एका जोडप्याचं प्री-वेडिंग आम्ही धरणावर केलं. नवरीचा निरोप आला, “ताई, मागच्या चिखलातले ठिपके काढून टाका नं, घाण दिसून राह्यले.” ठिपके पुसायला मी फोटो मोठा केला आणि हात थांबला. ठिपक्यांना पाय होते. चोची होत्या. एकाची चोच लांब, दुसऱ्याची आखूड, तिसऱ्याच्या गळ्यात काळा पट्टा. मी नवऱ्याला हाक मारली.

“हे कोणती पाखरं होय?”

“मले काय माहीत. चिखलातली.”

“चिखलातली म्हणजे एकच जात हाय का? नीट पाहा. हे पाच घरचे पाहुणे हायेत.”

नवरीच्या फोटोतले ठिपके मी पुसले, पण त्याआधी त्यांची एक प्रत ठेवून घेतली. पुढच्या रविवारी नवरा मोठी लेन्स घेऊन एकटाच धरणावर गेला.

धरणाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की गाड्या येतात आणि गाड्या आल्या की डीजे येतो. समुद्राकाठी म्हणे दिवसातून दोनदा ओहोटी लागते. आमच्या धरणाला वर्षातून एकदाच लागते. दसऱ्याला काठोकाठ भरलेलं पाणी कालव्यांनी, पंपांनी आणि उन्हानं उतरत जातं ते थेट मे महिन्यापर्यंत. मागे गाळाची जमीन उघडी पडते. ज्यांची शेतं धरणात गेली त्यांना ती हंगामापुरती कसायला मिळते. तिला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. वरच्या अंगाला हरभरा आणि गहू, अगदी पाण्याजवळ कांदा, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. आणि त्याच्याही खाली जो ओला, चकाकता चिखल उरतो त्यावर ही पाखरं उतरतात. समुद्रकाठच्या चिखलावर राहणारी जात, पण त्यांच्या वाटेवर आमचा चिखल लागतो.

आम्ही दोघं शिकत गेलो. म्हणजे तो लोळून फोटो आणायचा आणि मी खुर्चीत बसून ओळखायची. डोळ्याभोवती पिवळी कडा आणि गळ्यात पुरा पट्टा असेल तर छोटा कंठेरी चिखल्या. पट्टा मध्येच तुटलेला असेल तर तो दुसरा चिखल्या. लाल काड्यांसारखे पाय असलेला शेकाट्या तर आंधळ्यालाही ओळखू येईल. खरा कस लागतो तो टिलव्यांपाशी. चिमणीएवढं पाखरू, मातकट रंगाचं, सगळे एकसारखे, आणि चिखलात चोच मारणं असं की शिलाई मशीनची सुई चालली आहे. त्यांत दोन भाऊ: एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळट हिरवे. मी पायांआधी उभं राहण्यावरून ओळखते. काळ्या पायांचा टिलवा मान वर काढून धावपळ करतो. दुसरा वाकून, दबकून चरतो, सासूसमोरच्या नव्या सुनेसारखा.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडून एक घोळ झाला. आमच्या धंद्यात चेहरे उजळवणं हा हाताचा मळ आहे. कोणालाही आहे त्या रंगाचं राहायचं नसतं. त्या सवयीनं मी टिलव्याचा फोटोही उजळवला आणि त्याचे काळे पाय पिवळे करून ठेवले. नवऱ्याच्या ते वेळीच लक्षात आलं. तेव्हा त्यानं घरात नियम केला, “पाखराच्या फोटोले हात लावाचा नाई. लग्नात लोकायले जे पाह्यजे ते आपण देतो. इथं जे होतं तेच देऊ.” हे बोलताना त्याचा आवाज वेगळा होता. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे फोटो काढलेल्या माणसाला स्वतःचं असं काहीतरी सापडलं होतं. मी नियम मान्य केला आणि पाळलाही, असं मला वाटत होतं.

जिल्ह्यातल्या पाखरांची यादी यवतमाळात राहणारे एक निवृत्त सर ठेवतात. फोनवर त्यांचा एक गट आहे. कोणी कुठलं पाखरू पाहिलं ते फोटोसकट त्यावर टाकायचं, सर तपासतात आणि पटलं तर यादीत घेतात. सर कडक. एकदा एका डॉक्टरनं टाकलेला फोटो त्यांनी, “हा फोटो चांगला आहे, नाव चुकीचं आहे,” एवढंच लिहून परत केला होता. नवऱ्याच्या नोंदी मात्र हिवाळ्यामागून हिवाळे यादीत जात राहिल्या. नेरच्या फोटोवाल्याचं नाव तिथं वजनानं घेतलं जाऊ लागलं. गटात फोन नंबर माझाही होता, पण मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ओळख पटवलेली माझी असायची आणि बोलणं त्याचं.

गेल्या जानेवारीत आभाळ आलं होतं. हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरत होता आणि वर आभाळ, म्हणजे अळी पडणार म्हणून शेतकरी हैराण. अशा एका बिनसावलीच्या दिवशी नवरा धरणावरून परत आला तो दुकानाच्या पायरीवरूनच ओरडत.

“पायात पट्टी असलेलं पाखरू भेटलं!”

टिलवाच होता. एका पायात धातूचं बारीक कडं आणि दुसऱ्या पायात नारिंगी प्लॅस्टिकची पट्टी. अभ्यास करणारे लोक पाखरांना जाळीत धरतात, अशी पट्टी घालतात आणि सोडून देतात. पट्टीचा रंग कोणता आणि ती कोणत्या पायात, यावरून ते पाखरू कुठं धरलं होतं ते कळतं. पट्टीवर बारीक अक्षरंही असतात, पण आमच्या टिलव्याची पट्टी चिखलानं भरली होती. आमच्या जिल्ह्याच्या यादीत असं पाखरू तोवर एकही नव्हतं. नवऱ्यानं चिखलाचे कपडेही न बदलता मला चाळीस फोटो दाखवले आणि प्रत्येक फोटोला “हे पाह्य, हे पाह्य” म्हणाला.

त्या आठवड्यात माझ्याकडे दोन अल्बम अडकले होते. मी घाईघाईत टिलव्याचे दोन फोटो निवडले आणि एका पानावर शेजारी शेजारी लावून त्याला दिले. त्यानं ते गटावर टाकले. कौतुकाचा पाऊस पडला. संध्याकाळी सरांचा संदेश आला.

“एका फोटोत पट्टी उजव्या पायात आहे, दुसऱ्यात डाव्या. पाखरं दोन आहेत की एक?”

नवऱ्यानं लगेच लिहिलं, पाखरू एकच. मग सरांनी विचारलं, तर पट्टी कोणत्या पायात? त्यानं दोन्हींतला त्याच्या आवडीचा, मोठा, नितळ फोटो पाहिला आणि उत्तर दिलं: उजव्या. सर म्हणाले, उजव्या पायात असेल तर परदेशात घातलेली पट्टी, फार मोठी नोंद होईल. डाव्या असेल तर आपल्याच देशातल्या एखाद्या खाडीतली. पण एक फोटो बदललेला आहे हे नक्की. त्यावर नवऱ्यानं लिहिलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं: “आमच्या दुकानात पाखराच्या फोटोला हात लागत नाही, हे मी छातीठोक सांगतो.” खाली कोणीतरी हसणारं तोंड टाकलं, “लग्नवाले आहेत सर, नवरीसुद्धा बदलून देतील.” आणि सरांनी शेवटचं लिहिलं, “खुलासा होईपर्यंत तुमच्या यंदाच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवतो. मार्चअखेर यादी बंद होईल.”

मी दुकानात आतल्या खोलीत संगणकासमोर बसून फोनवर हे वाचत होते. काय झालं ते मला कळलं होतं. अल्बमचा एक साधा नियम आहे: पानावर दोन फोटो शेजारी असतील तर दोघांची तोंडं आत, एकमेकांकडे. नवरा-नवरी पाठ फिरवून बसलेले कोणाला चालतात? एकाचं तोंड बाहेर असेल तर तो फोटो आरशात पाहावा तसा उलटवायचा. एक कळ दाबली की झालं. दिवसातून शंभरदा मी ती दाबते, बोटांना डोकं लागत नाही. चाळीस फोटोंतले दोन निवडताना दोन्ही टिलवे एकाच बाजूला पाहत होते, म्हणून मी एकाला फिरवलं. उलटवणं म्हणजे हात लावणं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. रंग नाही बदलला, आकार नाही बदलला, मग काय बदललं? गोऱ्या केलेल्या पाहुण्यांच्या दुकानात मी स्वतःला सोवळी समजत होते.

मूळ फोटो शोधायला गेले तर कार्ड कोरं. दुसऱ्या दिवशी वणीला लग्न होतं आणि त्यासाठी मीच ते पुसून दिलं होतं. लग्नाच्या फोटोंच्या आम्ही दोन-दोन प्रती ठेवतो, पाखरांचे फक्त निवडलेले. आणि त्या निवडलेल्या दोघांतला मी कोणता फिरवला, ते मला देवाशपथ आठवत नव्हतं. लोकांच्या आत्या-मावश्या लक्षात ठेवणारी मी.

चार दिवस मी गप्प बसले. त्या चार दिवसांत नवरा जो भेटेल त्याला सांगत होता. चहाच्या टपरीवर, बँकेत, दुकानात पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला उभं करून. आपण कसे खरे, यवतमाळवाले कसे संशयी. रागानं नव्हे, दुखावून सांगत होता. पाचव्या दिवशी त्यानं माझ्यासमोर फोन धरला, “आता तूच सांग, तू तं बसली होती फोटोपाशी. हात लावला काय कोणी?”

“लावला,” मी म्हटलं. “मी.”

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग खुर्ची मागे सरकवून उभा राहिला.

“चूक केली त्याचं काई नाई. माणूस चुकते. पण चार दिवस मी गावभर खोटं बोलून राह्यलो अन् तू आयकून राह्यली?”

“आता मी लिहिते गटावर,” मी म्हटलं. “सांगते का माही चूक होय.”

“काय लिहिशीन? का एक उलटा हाय अन् कोणता ते माहीत नाई? अर्धंमुर्धं सांगाचं नाई. आधी खरं काय ते समजू दे, मंग तोंड उघडाचं.”

दोन्ही फोटो आभाळाच्या दिवशीचे, सावलीच नाही, त्यामुळं सूर्यावरून बाजू लावता येईना. म्हणजे खरं कळायला एकच वाट होती: तो टिलवा पुन्हा सापडला पाहिजे आणि त्याचा पाय दिसला पाहिजे. मार्च संपेपर्यंत, आणि त्याहीआधी पाखरं उत्तरेला निघून जायच्या आत. नवरा दोनदा गेला. अंगावर चिखली रंगाची चादर घेऊन पोटावर सरपटला. टिलवे दिसले, पट्टीवाला एकदा लांबून दिसला, पण तीस पावलांच्या आत त्यानं येऊ दिलं नाही. पुढं लग्नांची रांग होती. तिसऱ्या वेळी निघायचं तेव्हा त्यानं कॅमेऱ्याची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

“मले दारव्ह्याले लग्न हाय. तू जा. तू उलटवला, तूच सरळ करून आण.”

राग होता त्यात, मला झोंबलाही. पण त्यानं लेन्स माझ्या हातात दिली होती. तिला आजवर त्यानं माझ्या भावालाही हात लावू दिला नव्हता.

मी पहाटेची नाही, चांगली उजेडातली बस धरली आणि धरणाच्या फाट्यावर उतरले. पहिले दोन दिवस माझी नुसती फजिती झाली. मी चालले की पाखरं उडत. मी लपले की मला काही दिसत नसे. नवऱ्यासारखी पोटावर सरपटायला गेले तर चिखल नाकातोंडात आणि पाखरं पार पलीकडच्या काठावर. पाण्यालगतच्या गाळपेरीत तांड्यावरच्या एक आजीबाई सांभार-मेथीतलं निंदण करत बसल्या होत्या. दोन दिवस त्या माझा तमाशा पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून शेजारी बसायला सांगितलं.

“आव, बेस. काय हुडकून राह्यली वं बाई तू तीन दिवसांपासून?”

मी सांगितलं. पायात नारिंगी असलेलं लहान पाखरू.

“हाय नं. रोज येते. माह्या या बांधाखाली चरते.”

“कोणत्या पायात हाय, मावशी?”

“ते नाई पाह्यलं बापा. हाय एवढं पाह्यलं.” मग त्या हसल्या. “तू त्याले पाह्याले येते म्हणून ते पयते. मी पाहत नाई, माह्यापाशी येते. काम करत्या बाईले पाखरू भेत नाई.”

आणि खरंच होतं. त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर दोन चिखल्या पाखरं चरत होती. त्या उकिडव्या बसल्या होत्या, एक एक तण उपटत होत्या आणि बसल्या बसल्याच पुढं सरकत होत्या. उभं राहणं नाही, लपणं नाही, टक लावून पाहणं नाही. चादरीखाली सरपटणारा माणूस पाखराला कोल्ह्यासारखा वाटत असणार. निंदणारी बाई म्हणजे बैल, बगळा, तशीच एक रोजची गोष्ट.

मला ते काम येत होतं. माहेरी लग्नापर्यंत मी कपाशी निंदली आहे, पऱ्हाटीच्या ओळीत दिवसभर बसून सरकली आहे. लग्न ठरलं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला होता, तर सावलीतलं काम मिळालं याचा. नेरला आल्यावर मी कोणाला कधी सांगितलं नाही की मला निंदता येतं. विचारलं कोणी तर, “शेतीतलं मले काई समजत नाई,” असं म्हणायची. त्या दिवशी मी साडीचा काचा मारला, मावशींकडून खुरपं मागून घेतलं आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत बसले.

कॅमेरा टोपल्यात ठेवला. खाली ओलं पोतं, लेन्सचं तोंड टोपल्याच्या काठावर आणि वरून उपटलेलं तण आणि सांभाराच्या काड्या. ओळ निंदायची, टोपलं एक वीत पुढं सारायचं, पुन्हा निंदायचं. मावशी मध्येच माझ्या हाताकडे पाहत आणि म्हणत, “माहेरी शिकली का? हात चांगला हाय तुहा.” अल्बमसाठी माझं कोणी कौतुक केलं नव्हतं, खुरप्यासाठी झालं. मला ते गोड लागलं.

तो दिवस नुसता सरकण्यात गेला. दुसऱ्या दिवशीही आम्ही तेच केलं. मावशींची मेथी मी जवळजवळ सगळी निंदून दिली. तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या सुमारास टिलव्यांचा थवा आमच्यासमोर उतरला आणि मी मान न उचलता पाहिलं तर पट्टीवाला त्यांच्यात होता. आठ हातांवर. डोळ्याच्या बाहुलीत आभाळ दिसावं इतक्या जवळ. मी तोवर हजारो टिलवे पडद्यावर पाहिले होते, जिवंत एकही इतका जवळून नाही. त्याचा श्वास दिसत होता. पाठीची पिसं वाऱ्यानं उचलली जात होती आणि तो ती पुन्हा बसवत होता. इतकुसा जीव एवढा लांबून येतो आणि आम्ही त्याच्या पायावरून भांडत बसलो आहोत.

आणि त्या महाशयांनी काय करावं? एक पाय पोटात ओढला, चोच पाठीत खुपसली आणि झोपले. दिसत होता तो पाय कड्याचा. पट्टीचा पाय आत. समोरून बसलेल्या गोळ्याचा दिसणारा पाय उजवा की डावा, हे मी कितीही डोळे ताणले तरी सांगू शकत नव्हते. माझ्या पिंढऱ्या भरून आल्या, कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला. हलता येईना. मावशी शेजारी पुटपुटल्या, “निंदत राह्य. थांबशीन तं जागं होईन.” मी डाव्या हातानं तण उपटत राहिले आणि उजवा हात टोपल्यात कॅमेऱ्यावर ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तो जागा झाला, पाठ माझ्याकडे फिरवली आणि त्यानं आळस दिला. या पाखरांचा आळस मला माहीत होता, शेकडो फोटोंत पाहिलेला: एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय, दोन्ही एकदम मागे ताणायचे. त्यानं डावा पंख पसरला आणि त्याच्याखालून डावा पाय मागे लांब केला. त्या पायात नारिंगी पट्टी होती. पाण्यातून येऊन तोच पाय पोटात घेतलेला, म्हणून पट्टी धुतलेली. मी कळ दाबून धरली.

बसमध्ये मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते आणि पदराला चिखल होता. शेजारची बाई जरा सरकून बसली. मला कोणाची पर्वा नव्हती.

नवरा दुकानात होता. मी कार्ड स्वतः संगणकात घातलं नाही, त्याच्या हातात दिलं. त्यानं फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला. डावा पंख, डावा पाय, आणि पट्टीवरची दोन अक्षरं सरळ वाचता येत होती. उलटा फोटो असता तर अक्षरंही उलटी दिसली असती. कोणाला काही पटवून द्यायची गरजच उरली नव्हती. पण डावा पाय, म्हणजे पट्टी आपल्याच देशातली. परदेशी पट्टीची मोठी नोंद गेली. आणि ज्या आवडत्या फोटोवर बोट ठेवून त्यानं छातीठोक सांगितलं होतं, नेमका तोच मी फिरवलेला होता.

“किती जवळून काढला?” त्यानं विचारलं.

“आठ हात.”

“आठ हात,” तो म्हणाला. मग फोन घेऊन काउंटरवर गेला. तिथं एक जोडपं अल्बमचे नमुने पाहत बसलं होतं. त्यांना म्हणाला, “दोन मिनिटं थांबा, एक काम राह्यलं हाय माहं.” आणि एका बोटानं टाइप करत राहिला. माझ्या फोनवर त्याचा संदेश उमटला तो मी आत बसून वाचला.

“सर, पट्टी डाव्या पायात आहे. मी उजवा सांगितला होता, ते चुकीचं होतं. आमच्या दुकानात फोटो उलटवला गेला. हात लागत नाही म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं, तेही चुकीचं होतं. दुकान माझं आहे, चूक माझी आहे. खरा फोटो सोबत देतो. हा माझ्या पत्नीनं काढला आहे. इतक्या जवळून मला आजवर जमलेलं नाही.”

माझं नाव वाचवण्यासाठी त्यानं चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. त्या क्षणी मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आमच्या लग्नातही वाटला नव्हता. आणि तेवढाच रागही आला. माझी चूक त्यानं कायले उचलावी? ज्या गटात मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं तिथं मी लिहायला घेतलं. सरांचं उत्तर यायची वाट पाहिली नाही. टिलवा त्यांनी यादीत घेतला, बाजूला ठेवलेला आमचा सगळा हिवाळाही घेतला, पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी नवऱ्याच्या संदेशाखाली सगळ्यात आधी माझं उमटलं.

“फोटो त्यांनी उलटवला नाही. मी उलटवला. आणि सरळही मीच काढून आणला आहे.”

काउंटरवर त्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं, आणि मग त्या जोडप्याला म्हणाला, “अल्बमचं आत इचारा. फोटोचंही आतच इचारा.”